स्वतःहून भरून निघणारे पॉलिमर : ओरखडा नाहीसा होतो, मग काप का राहतो?

लेपनकार (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

औद्योगिक लेपनाच्या व्यवसायात मी बरीच वर्षे आहे. पोलादी टाक्यांना आतून इपॉक्सीचे अस्तर देणे आणि बाहेरून पॉलियुरेथेनचा थर चढवणे हे आमचे मुख्य काम. अलीकडे एका प्रदर्शनात मोटारींवर लावायच्या संरक्षक फिल्मचे, म्हणजे बाजारात ज्याला पीपीएफ म्हणतात त्याचे, प्रात्यक्षिक पाहायला मिळाले. काळ्या रंगाच्या पत्र्यावर फिल्म चढवलेली होती. विक्रेत्याने पितळी तारांच्या ब्रशने तिच्यावर गोलाकार ओरखडे काढले आणि किटलीतले गरम पाणी वरून हळूहळू सोडले. पाण्याची धार जसजशी पुढे सरकत गेली, तसतसे तिच्यामागचे ओरखडे विरत गेले आणि पत्रा पुन्हा आरशासारखा दिसू लागला.

त्याच पत्र्याच्या कोपऱ्यात, बहुधा फिल्म छाटताना, कटरचा एक काप बसलेला होता. तो बोटाच्या पेराएवढा होता. गरम पाणी त्याच्यावरूनही गेले, पण तो भरला नाही. मी वाकून नीट पाहिले, तेव्हा गरम झाल्यावर त्याच्या कडा मिटण्याऐवजी किंचित उघडल्यासारख्या वाटल्या. विक्रेत्याला याचे कारण विचारले, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एकाच फिल्ममध्ये ओरखडा भरतो आणि काप भरत नाही, यामागचे रसायन किंवा भौतिकी काय आहे? आमच्या इपॉक्सी अस्तराला बारीक तडा गेला, तर तो स्वतःहून सांधला जावा अशी काही योजना आज शक्य आहे का? आणि शक्य असेल, तर त्याच जागी पुन्हा तडा गेल्यास तो पुन्हा सांधला जातो का? टाकीच्या अस्तरातला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसेपर्यंत खालच्या पोलादाला गंज चढलेला असतो आणि पुन्हा ब्लास्टिंगपासून, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने पोलाद साफ करण्यापासून, सुरुवात करावी लागते, म्हणून हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा नाही.

साखळीबंध

नमस्कार. मी पॉलिमरशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कापाच्या कडा उघडल्या, हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच दडलेला आहे.

अशा फिल्मचा मुख्य थर थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याची जाडी साधारणपणे १५० ते २०० मायक्रॉन असते. त्याच्या खाली चिकट थर असतो आणि वर काही मायक्रॉन जाडीचा, आडव्या बंधांनी (साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या दुव्यांनी) विणलेला टॉप कोट असतो. ब्रशची तार या टॉप कोटवरून फिरते तेव्हा ती बहुतेक ठिकाणी पदार्थ खरवडून काढत नाही, तर तो दाबते आणि बाजूला सारते. त्यामुळे मध्ये चर आणि दोन्ही काठांना बारीक उंचवटे तयार होतात, त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला ओरखडा दिसतो. मात्र आतल्या पॉलिमर साखळ्या, म्हणजे लांबच लांब रेणू, तुटलेल्या नसतात. त्या ताणल्या गेलेल्या असतात आणि थंड अवस्थेत त्यांच्या हालचाली मंद असल्यामुळे तशाच अडकून राहतात.

गरम पाणी पडले की साखळ्यांच्या तुकड्यांना हालचाल करण्याइतकी ऊर्जा मिळते. ताणून सरळ झालेल्या साखळीला शक्य असलेल्या रचना मोजक्या असतात आणि सैल, वेटोळ्या साखळीला असंख्य असतात, म्हणून संधी मिळताच साखळी पुन्हा वेटोळी होऊ पाहते. रबर ताणून सोडले की मागे येते, त्यामागचे बलही हेच. आडव्या बंधांचे जाळे शाबूत असल्यामुळे प्रत्येक साखळी आपल्या मूळ जागी परतते आणि चर वर येऊन पृष्ठभाग सपाट होतो. या संपूर्ण घटनेत एकही नवा बंध तयार झालेला नाही. पदार्थाने फक्त आपला आधीचा आकार परत मिळवला आहे.

काप बसतो तेव्हा परिस्थिती मुळातच बदलते. पात्याने जाळे तोडलेले असते आणि समोरासमोर दोन नवे पृष्ठभाग तयार झालेले असतात, ज्यांच्यामध्ये कोणताही दुवा उरलेला नाही. फिल्म बसवताना ती वळणांवर आणि कडांवर थोडीफार ताणली जाते. उष्णता मिळाल्यावर तो ताण सुटू पाहतो, आणि कापाच्या दोन्ही बाजू आपापल्या दिशेला मागे सरकतात. ज्या बलाने ओरखडा मिटवला, त्याच बलाने कापाच्या कडा दूर नेल्या. या दोन अगदी वेगळ्या घटना बाजारात एकाच नावाने विकल्या जातात आणि ग्राहकाची अपेक्षा तिथेच चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुटलेले दोन पृष्ठभाग खरोखर सांधायचे असतील तर काय घडावे लागते, याचे चित्र वूल आणि ओकॉनर या संशोधकांनी १९८१ साली नीट मांडले. आधी पृष्ठभागावरच्या साखळ्यांची फेररचना होते, मग पृष्ठभाग जवळ येतात, एकमेकांना पूर्ण भिजवल्यासारखे चिकटतात, त्यानंतर साखळ्या सीमारेषा ओलांडून पलीकडे शिरतात आणि शेवटी इतक्या गुंततात की सीमारेषाच उरत नाही. मळलेल्या कणकेचे दोन गोळे दाबून ठेवले तर काही वेळाने एकजीव होतात, पण भाजलेल्या दोन पोळ्या दिवसभर एकमेकींवर ठेवल्या तरी एक होत नाहीत. पॉलिमरमध्येही साखळ्यांना हलण्याची मोकळीक आहे की नाही, यावरच सारे ठरते. शिवाय ही प्रक्रिया संथ असते. सांध्याची ताकद काळाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताकद दुप्पट व्हायची असेल तर वेळ सोळापट लागतो.

आपले इपॉक्सी अस्तर मात्र या दृष्टीने भाजलेल्या पोळीसारखे आहे. ते आडव्या बंधांनी घट्ट विणलेले असते आणि नेहमीच्या वापरात त्याच्या काचसंक्रमण तापमानाच्या, म्हणजे ज्याच्या खाली साखळ्या जवळपास गोठून बसतात त्या तापमानाच्या, बरेच खाली असते. त्यामुळे आहे त्या स्थितीत ते स्वतःला सांधू शकत नाही. त्यात सांधण्याची सोय बाहेरून पेरावी लागते. त्या विषयावर इथल्या जाणकारांनी लिहावे, अशी विनंती.

सूक्ष्मकुपी

साखळीबंध यांनी जिथे थांबवले तिथून पुढे लिहितो. माझे काम संमिश्र पदार्थांवर आहे आणि इपॉक्सीत सांधण्याची सोय पेरण्याचा जो पहिला ठळक प्रयोग झाला, तो याच क्षेत्रातला.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटॉस, जेफ्री मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी डायसायक्लोपेंटाडाइन हा पातळ द्रव युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या सूक्ष्म कुप्यांत भरला आणि त्या कुप्या इपॉक्सीत मिसळल्या. त्याच इपॉक्सीत रुथेनियम धातूचा ग्रब्ज उत्प्रेरकही कणांच्या रूपात विखरून ठेवला. तडा वाढत कुपीपर्यंत पोहोचला की तिचे कवच फुटते, आतला द्रव केशाकर्षणाने तड्याच्या दोन्ही भिंतींमध्ये ओढला जातो, वाटेत त्याला उत्प्रेरकाचे कण भेटतात आणि द्रवाचे घट्ट पॉलिमर बनून भिंती चिकटतात. कोणी उष्णता देत नाही, दाब देत नाही, तडा कुठे आहे हेही कोणाला शोधावे लागत नाही. मूळ चिवटपणाच्या ७५ टक्क्यांपर्यंत चिवटपणा त्यांना परत मिळाला. उत्प्रेरकाला ज्यांचे नाव आहे, त्या रॉबर्ट ग्रब्ज यांना पुढे २००५ साली याच प्रकारच्या अभिक्रियेवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह विभागून मिळाले.

या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी बाब वेगळीच आहे. तडा कुपीला टाळून बाजूने निघून गेला, तर सगळी योजना फुकट जाईल. म्हणून कुपी भोवतालच्या इपॉक्सीपेक्षा कमी ताठ ठेवतात. असे केले की तड्याच्या टोकाजवळचे ताणाचे क्षेत्र बदलते आणि तडा कुपीकडे खेचला जातो. कवच फार जाड केले तर ते फुटत नाही आणि फार पातळ केले तर मिसळतानाच फुटते. एवढ्याशा कवचाच्या जाडीवर संपूर्ण योजनेचे यश अवलंबून असते.

आता आपल्या कामाच्या दृष्टीने अडचणी सांगतो. पहिली अडचण उत्प्रेरकाची आहे. रुथेनियम महाग असते आणि इपॉक्सीच्या अमाइन हार्डनरच्या (रेझिन कडक करणाऱ्या घटकाच्या) संपर्कात हा उत्प्रेरक निकामी होतो. त्यावर उपाय म्हणून इलिनॉयच्याच गटाने पुढे तो मेणाच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद करून वापरला. दुसरी वाट म्हणजे उत्प्रेरक पूर्णपणे वगळणे. कुपीत विद्रावक आणि थोडे इपॉक्सी रेझिन भरले, तर तडा गेल्यावर विद्रावक भिंती फुगवतो आणि अस्तरात अभिक्रियेविना उरलेले हार्डनरचे गट त्या रेझिनशी बंध जोडतात. ही वाट मला लेपनासाठी अधिक व्यवहार्य वाटते. मात्र अस्तर जितके पूर्ण पक्व झालेले असेल, तितके असे गट कमी उरतात, हे लक्षात ठेवावे लागेल.

दुसरी अडचण जाडीची आहे. प्रयोगातल्या कुप्या अनेकदा शंभर-दोनशे मायक्रॉनच्या असतात. आपल्या अस्तराचा डीएफटी, म्हणजे वाळलेल्या थराची जाडी, जर तीनशे मायक्रॉन असेल, तर एवढी मोठी कुपी त्यात खड्यासारखी राहील आणि पृष्ठभागापासून पोलादापर्यंतची वाट तीच कमकुवत करील. कुपी लहान केली तर तिच्यातला द्रव तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटतो. व्यास निम्मा केला की द्रव आठवा हिस्सा उरतो, म्हणजे भरता येणारा तडाही अरुंदच हवा. शिवाय एअरलेस स्प्रेच्या (हवेविना, केवळ जोरदार दाबाने लेप फवारणाऱ्या यंत्राच्या) दाबातून आणि बारीक नोझलमधून कुप्या शाबूत बाहेर पडतात की नाही, हे प्रत्येक मालाच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासावे लागते.

गंजरोधक लेपांसाठी याहून साधा द्रवही वापरला गेला आहे आणि त्यात आपल्याकडच्या संशोधनाचा चांगला वाटा आहे. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००८ साली जवसाचे तेल भरलेल्या युरिया-फॉर्माल्डिहाइड कुप्यांवरचे काम प्रसिद्ध केले. लेपाला तडा गेला की तेल बाहेर येते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे वाळून त्याची पातळ पापुद्र्यासारखी फिल्म बनते. जवसाच्या तेलाचा हा गुण रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. इथे उत्प्रेरक महाग नाही, तेल सहज मिळते आणि उद्दिष्टही माफक आहे. तड्याची ताकद परत आणायची नसून पाणी आणि क्षार पोलादापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, एवढेच. बाहेरच्या लेपासाठी ही कल्पना मला पटते. टाकीच्या आत मात्र सावध राहावे. द्रवाने भरलेल्या टाकीत तेल वाळायला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, आणि टाकीत क्षारीय द्रव असेल तर तेलाचा साबण होऊन ते धुऊन जाईल.

आपला तिसरा प्रश्न कुपीच्या बाबतीत सरळ आहे. एकदा फुटलेली कुपी रिकामी होते, म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर तिथे देण्यासारखे काही उरलेले नसते. यावर इलिनॉयच्या गटाने २००७ साली त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांच्या धर्तीवर वाहिन्यांचे जाळे पदार्थात बसवले आणि एकाच जागेचा तडा सात वेळा सांधून दाखवला. २०१४ साली त्यांनी याच मार्गाने आघाताने पडलेली, ३५ मिलिमीटरहून मोठ्या व्यासाची खराब झालेली जागा भरून दाखवली. दोन द्रव वाहिन्यांतून येऊन आधी जेलसारखे घट्ट होतात, त्यामुळे ते भोकातून गळून जात नाहीत, आणि नंतर कडक होतात. हे काम मोलाचे आहे, पण टाकीच्या अस्तरात वाहिन्या बसवणे आज तरी व्यवहारात बसत नाही.

चकाकी

मी मोटारींच्या डिटेलिंगचे, म्हणजे बारकाईने साफसफाई करून चकाकी आणण्याचे, काम करतो, म्हणून फिल्मविषयी कामातला अनुभव नोंदवतो. साखळीबंध यांनी दिलेल्या स्पष्टीकरणाशी तो पूर्ण जुळतो.

धुताना कापडाने पडणारे स्वर्ल मार्क (गोलाकार बारीक ओरखडे) उन्हात गाडी उभी केली तरी बहुतांशी जातात आणि थंडीत हीट गन किंवा गरम पाणी लागते. नख अडकेल इतका खोल ओरखडा मात्र कितीही उष्णता दिली तरी जात नाही, कारण तो टॉप कोट ओलांडून खालच्या थरात उतरलेला असतो. हीट गन एकाच जागी धरून ठेवली तर फिल्म पिवळसर पडते किंवा तिचा चिकट थर सुटतो, म्हणून ती सतत फिरवत राहावी लागते. एका कोपऱ्यात काप असेल आणि त्याच्या कडा उचलल्या गेल्या असतील, तर आम्ही तो भाग सांधत बसत नाही, तेवढा तुकडा बदलतो.

आणखी एक बाब ग्राहकांना वारंवार सांगावी लागते. सिरॅमिक कोटिंगचा थर कडक असतो, त्यात हा गुण नसतो. रंगाच्याच थरात हा गुण आणण्याचा प्रयत्न निस्सान कंपनीने २००५ साली केला होता. त्यांच्या क्लिअर कोटवरचे (रंगावरच्या पारदर्शक थरावरचे) बारीक ओरखडे त्यांची खोली आणि हवेचे तापमान यांनुसार एक दिवस ते एक आठवडा एवढ्या काळात भरत.

लेपनकार

सर्वांचे मनापासून आभार. कापाच्या कडा का उघडल्या, हे आता लख्ख समजले, आणि कुपीचा आकार व डीएफटी यांचा संबंध तर आमच्या कामासाठी थेट उपयोगी आहे.

यातून पुढचा प्रश्न निर्माण होतो. बाहेरून द्रव पेरण्याऐवजी पॉलिमरचे बंधच असे ठेवता येणार नाहीत का, की ते तुटले तरी पुन्हा जोडले जातील? तसे झाले तर साठा संपण्याचा प्रश्नच राहणार नाही. आणि असे पदार्थ असतील, तर ते इपॉक्सीइतके कडक का करता येत नाहीत?

साखळीबंध

असे पदार्थ आहेत, आणि या क्षेत्रातले सर्वांत विचारप्रवर्तक काम त्यांच्यावरच झालेले आहे.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड वुडल यांच्या गटाने २००२ साली फ्युरान आणि मॅलिमाइड या गटांच्या डील्स-आल्डर बंधांनी विणलेले पारदर्शक, कडक पॉलिमर बनवले. ते १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की यांतले काही बंध सुटतात आणि थंड होताना पुन्हा जुळतात. हे बंध सहसंयुज, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने बनलेले भक्कम, असल्यामुळे पदार्थ कडक राहतो आणि द्रव किंवा उत्प्रेरक घालावा लागत नाही. मात्र तडा गेलेला भाग तापवावा लागतो, म्हणजे तडा कुठे आहे हे माणसाला माहीत असावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला पॅरिसमधील लुडविक लाइब्लर यांच्या गटाचे २००८ सालचे रबर आहे. वनस्पतिजन्य तेलांपासून मिळणाऱ्या मेदाम्लांवर ते आधारलेले आहे आणि त्यातले लहान लहान रेणू केवळ हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सहज सुटणाऱ्या आणि सहज जुळणाऱ्या दुबळ्या आकर्षणाने, एकमेकांना धरून असतात. ते कापले की सर्वांत दुबळे असलेले हायड्रोजन बंध आधी तुटतात आणि कापलेल्या पृष्ठभागांवर जोडीदार शोधणारे गट उघडे पडतात. दोन्ही तुकडे खोलीच्या तापमानालाच एकमेकांना टेकवले की हे गट समोरच्या बाजूच्या गटांशी जुळतात, आणि सांधलेले रबर पुन्हा कित्येक पट ताणता येते. पण तुकडे काही तास वेगळे ठेवले, तर हे गट आपल्याच बाजूला जोडीदार शोधून घेतात आणि नंतर टेकवल्यावर पूर्वीसारखे सांधत नाहीत. आपल्या टाकीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. तडा उघडा राहून त्यात पाणी शिरले, तर पाण्याचे रेणूही या गटांशी हायड्रोजन बंध जोडतात आणि गट आधीच गुंतून बसतात.

पाण्यातच सांधला जाणारा पदार्थ हवा असेल तर रचना वेगळी करावी लागते, आणि इथे पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्यांचे काम उभे राहिले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका हायड्रोजेलवरील (पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमर जेलवरील) शोधनिबंधाचे सहलेखक होते. मुख्य प्रयोग सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले. या जेलच्या मुख्य साखळीला बाजूने लवचीक फांद्या आहेत आणि प्रत्येक फांदीवर अमाइड व कार्बोक्झिल गट आहेत. आम्लधर्मी पाण्यात जेलचे दोन तुकडे टेकवले की काही सेकंदांत या फांद्या सीमारेषेपलीकडे पोहोचून हायड्रोजन बंध जोडतात. पाणी क्षारीय केले की कार्बोक्झिल गटांवर ऋण प्रभार येतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि तुकडे पुन्हा सुटतात. फांदीची लांबी किती असावी, हा या कामातला कळीचा प्रश्न होता. ती फार आखूड असेल तर पलीकडे पोहोचत नाही, आणि फार लांब असेल तर तिचा जलविरोधी भाग पाण्यात गोळा होऊन बसतो, त्यामुळे टोकाचे गट सापडतच नाहीत. आम्लाच्या गळतीवरचे सीलंट किंवा जठराच्या जखमेवरचे लेपन अशा उपयोगांचा विचार या पदार्थासाठी झालेला आहे.

आता कडकपणाविषयी. सांधायचे तर साखळ्यांनी हलले पाहिजे, आणि कडक राहायचे तर साखळ्यांनी हलता कामा नये. या ओढाताणीतून पूर्ण सुटका कोणालाही मिळालेली नाही, पण ती बरीच सैल झाली आहे. टोकियो विद्यापीठातील ताकुझो आइदा यांच्या गटाने २०१७ च्या अखेरीस थायोयुरिया गटांनी जोडलेले एक पॉलिइथर प्रसिद्ध केले. त्यातले हायड्रोजन बंध वेडेवाकडे रचले जातात, त्यामुळे ते दाट असूनही पदार्थ स्फटिकरूप होत नाही आणि बंध सहज जोडीदार बदलू शकतात. तो हाताला काचेसारखा कडक लागतो, तरीही तुटलेले तुकडे खोलीच्या तापमानाला दाबून धरले की जुळतात आणि काही तासांत ताकद परत मिळवतात. मात्र त्याचे काचसंक्रमण तापमान खोलीच्या तापमानाच्या आसपासच आहे, हे विसरू नये. विदर्भातल्या मे महिन्यात तो कडक राहणार नाही.

इपॉक्सीच्या सर्वांत जवळची वाट म्हणजे लाइब्लर यांच्याच गटाने २०११ साली मांडलेले व्हिट्रिमर. यात इपॉक्सीच्या जाळ्यातील एस्टर बंध झिंकच्या उत्प्रेरकामुळे तापल्यावर जोडीदार बदलत राहतात. एक बंध सुटतो तेव्हाच दुसरा जुळलेला असतो, म्हणून बंधांची एकूण संख्या कायम राहते. पदार्थ वितळून वाहून जात नाही, पण त्याला नवा आकार देता येतो आणि सांधताही येतो. नेहमीच्या तापमानाला तो साध्या इपॉक्सीसारखाच वागतो. आपल्या क्षेत्रात उद्या काही उपयोगी ठरेल, तर ते बहुधा या दिशेने येईल असे मला वाटते. परंतु एस्टर बंध पाण्याने, आणि विशेषतः क्षारीय द्रवाने, तुटू शकतात, ही बाब टाकीच्या अस्तराच्या बाबतीत आधी तपासावी लागेल.

सूक्ष्मकुपी

साखळीबंध यांच्या प्रतिसादाला एक व्यावहारिक पुरवणी जोडतो. कोणताही पुरवठादार आपला माल स्वतःहून भरून निघतो असे म्हणाला, तर नेमका कोणता गुणधर्म परत येतो हे त्याला आधी विचारावे. फिल्मच्या बाबतीत दिसणे परत आले की काम झाले. विमानाच्या पंखाच्या संमिश्र पदार्थात चिवटपणा परत यायला हवा. आपल्या अस्तरात मात्र रोध परत यायला हवा, म्हणजे द्रव आणि आयन पोलादापर्यंत पोहोचता कामा नयेत. एका गुणधर्माचे आकडे दुसऱ्यासाठी पुरावा म्हणून चालत नाहीत. तडा वरून बंद दिसतो, पण आत पोलादालगत पोकळी राहिलेली असते, असे सहज घडू शकते.

नुकसान कोणत्या परिस्थितीत झाले, हेही विचारावे. याचे ठळक उदाहरण सर्लिन या आयनोमरचे (विद्युतभारित गट असलेल्या प्लास्टिकचे) आहे. गॉल्फच्या चेंडूंच्या वेष्टनासाठी वापरल्या जाणाऱ्या या पदार्थातून बंदुकीची गोळी आरपार गेली तरी भोक लगेच मिटते, कारण गोळीच्या घर्षणानेच भोवतालचा भाग वितळतो आणि ताणलेला पदार्थ मागे येऊन एकजीव होतो. त्याच पदार्थात खिळ्याने सावकाश भोक पाडले तर ते मिटत नाही, कारण पुरेशी उष्णता निर्माण झालेली नसते. एकाच पदार्थाचे, एकाच मापाचे भोक, आणि निकाल पूर्णपणे वेगळा.

वारंवार बदलणाऱ्या ताणाचाही विचार व्हावा. टाकी भरते आणि रिकामी होते, उन्हात तापते आणि रात्री निवते, त्यामुळे तडा उघडमीट करत वाढत जातो. द्रव घट्ट व्हायला लागणाऱ्या वेळापेक्षा तड्याची वाढ वेगवान असेल, तर सांधा बसायच्या आतच तो पुन्हा फाटतो. इलिनॉयच्या गटाच्या प्रयोगांतही मध्ये विश्रांतीचा काळ दिला की सांधण्याचा लाभ ठळकपणे दिसून आला होता. लेपन करून लगेच टाकी वापरात देण्याची घाई आपल्याकडे असते, ती इथे आड येईल.

लेपनकार

हे सर्व वाचून आतल्या अस्तराचा विचार सध्या बाजूला ठेवण्याचे मी ठरवले आहे. बाहेरच्या लेपासाठी मात्र जवसाच्या तेलाच्या कुप्या प्रायमरमध्ये मिसळून काही पत्रे तयार करीन. अर्ध्या पत्र्यांवर साधा प्रायमर राहील आणि अर्ध्यांवर कुप्यांचा, दोन्हींचा डीएफटी सारखाच ठेवला जाईल. एअरलेस स्प्रेऐवजी पहिल्या खेपेला ब्रशनेच लेप देईन, म्हणजे कुप्या फुटण्याची शंका त्यात मिसळणार नाही. लेप वाळल्यावर पात्याने पोलादापर्यंत सरळ रेघ मारून काही पत्रे लगेच आणि काही पत्रे दोन दिवस उघड्या हवेत ठेवून मग सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीत) टाकावेत, असा विचार आहे. तेलाला वाळायला मिळालेल्या वेळाचा फरक किती पडतो, हे त्यावरून कळेल.

सूक्ष्मकुपी यांना एक विचारायचे राहिले. रेघेखालचा गंज किती पसरला, हे लेप खरवडून मोजता येईल, पण रोध परत आला की नाही हे लेप न खरवडता पाहायचे असेल, तर आमच्याकडची हॉलिडे टेस्ट (लेपातली छिद्रे विजेने शोधण्याची चाचणी) पुरेशी ठरेल का, की त्यासाठी प्रतिबाधा, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, मोजण्याची विद्युत-रासायनिक चाचणीच करून घ्यावी लागेल?

सूक्ष्मकुपी

हॉलिडे टेस्ट लेपातून पोलादापर्यंत आरपार वाट आहे की नाही, एवढेच सांगते. वाळलेल्या तेलाची पातळ फिल्म जास्त व्होल्टेजने जळून फुटू शकते, म्हणून ती करायचीच असेल तर ओल्या स्पंजची, कमी व्होल्टेजची करावी. रोध किती परत आला, हे आकड्यांत हवे असेल तर प्रतिबाधा मोजण्याला पर्याय नाही. रेघ मारलेला पत्रा मिठाच्या पाण्यात ठेवून कमी वारंवारतेवरची प्रतिबाधा ठरावीक अंतराने नोंदवावी. साध्या प्रायमरच्या पत्र्यावर ती सतत खाली जाईल. कुप्यांच्या पत्र्यावर ती टिकून राहिली, तर तेलाने आपले काम केले असे म्हणता येईल. रेघेची रुंदी दोन्हीकडे सारखी ठेवण्याची काळजी मात्र जरूर घ्यावी, कारण हाताने मारलेल्या रेघांत तीच सर्वाधिक बदलते आणि कुपीतले तेल ठरावीक रुंदीपर्यंतच पुरते.